लायसन्स, आधार, मतदार कार्डासाठी फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरटीओचं लायसन्स, आधार, मतदार ओळखपत्र, पॅन, पासपोर्ट. प्रत्येकाचं खातं वेगळं, पोर्टल वेगळं आणि फोटोची मापंही वेगळी. एकाच फोटोच्या आठ प्रती पाकिटात ठेवायच्या आणि दिसेल त्या फॉर्मवर चिकटवायच्या, हे दिवस गेले. काही ठिकाणी तर आता फोटो न्यायचाच नसतो. खालचे प्रश्न अर्ज भरताना लोक विचारतात तसेच घेतले आहेत. आपल्याला हवा तो शोधा, बाकीचे सोडून द्या.

फोटो नेमका कुठे न्यायचा आणि कुठे तिथेच काढतात?

स्टुडिओत पैसे घालवण्याआधी विचारायचा प्रश्न हाच.

आधार केंद्रावर फोटो नेऊन काहीच उपयोग नाही. ऑपरेटर आपल्या कॅमेऱ्यानेच काढतो. पासपोर्ट सेवा केंद्रातही तसंच, फक्त चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो आपण न्यायचा. मतदार नोंदणीसाठी फोटो आपण द्यायचा, कागदी फॉर्मवर चिकटवून किंवा ऑनलाइन अपलोड करून. पॅनचा कागदी अर्ज असेल तर फोटो लागतो. आधारच्या ई-केवायसीवरून (म्हणजे आधारमधली माहिती थेट ऑनलाइन उचलून) झटपट ई-पॅन काढलं तर आधारवरचाच चेहरा तिथे येतो.

ड्रायव्हिंग लायसन्सला दोन वाटा आहेत. लायसन्सच्या सरकारी सारथी पोर्टलवर आधार ई-केवायसीने, घरबसल्या लर्निंग लायसन्स काढलं तर फोटो आधारमधून उचलला जातो. आधार न वापरता अर्ज केला तर फोटो अपलोड करायचा आणि पुढच्या कामासाठी आरटीओत जायचं.

घरबसल्या लर्निंग काढलं. लायसन्सवर माझा बारावीतला चेहरा आलाय! असं कसं?

कारण आधारमध्ये तोच फोटो आहे. पोर्टलला तुमचा आजचा चेहरा माहीत नाही. आधारकडून नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो असा संच येतो, तो जसाच्या तसा अर्जात बसतो. म्हणून ज्यांचं आधार शाळेत असताना निघालंय त्यांनी आधी आधारचा फोटो बदलून घ्यावा, मग लायसन्सला हात घालावा. उलट क्रमाने गेलात तर दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज आणि वेगळी फी.

हे एवढं ताणून सांगायचं कारण लायसन्सच्या मुदतीत आहे. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेलं खाजगी वाहनाचं लायसन्स वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं. अठराव्या वर्षी काढलं तर तोच फोटो पुढची 22 वर्षं खिशात. नाक्यावर हवालदाराने कार्डाकडे आणि तुमच्याकडे दोनदा पाहिलं तर त्याचा दोष नाही. 30 ते 50 वयात काढलेलं 10 वर्षं चालतं, 50 ते 55 मध्ये काढलेलं साठीपर्यंत, आणि 55 नंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण.

सारथीवर अपलोड करताना फोटोचं माप काय?

फोटो 420 बाय 525 पिक्सेल, जेपीजी, फाइलचं वजन 10 ते 20 केबी. सही 256 बाय 64 पिक्सेल, तीही 10 ते 20 केबी.

स्टुडिओचा पासपोर्ट साइज फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटर असतो. सारथीचं प्रमाण 4 : 5, म्हणजे स्टुडिओच्या फोटोपेक्षा किंचित बुटकं. तेव्हा फोटो वरून-खालून जरासा कापायचा. बरेच जण कापण्याऐवजी पूर्ण फोटो त्या चौकटीत दाबून बसवतात आणि चेहरा रुंद होतो. फरक थोडा असतो, पण मूळ फोटो मोबाइलवर उभा काढलेला, लांबुळका असेल तर गाल चांगलेच पसरतात. मोबाइलच्या गॅलरीत क्रॉपमध्ये 4 : 5 हा पर्याय बहुधा असतोच, तो निवडा.

पिक्सेल बरोबर आहेत, तरी "फाइल साइज" चुकलीय म्हणतंय. केबी आणि पिक्सेल एकच ना?

नाही. पिक्सेल म्हणजे चित्र किती ठिपके रुंद आणि किती ठिपके उंच; केबी म्हणजे ती फाइल साठवायला लागणारी जागा. एकाच मापाचा फोटो 15 केबीचाही असू शकतो आणि 150 चाही. जेपीजी किती दाबून साठवलंय त्यावर ते ठरतं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी क्रॉप, मग पिक्सेल कमी करणं, शेवटी क्वालिटी खाली आणून केबी बसवणं. मोबाइलचा 4 एमबीचा फोटो पिक्सेल न घटवता थेट 20 केबीवर आणायला गेलात तर चेहऱ्यावर चौकोन दिसायला लागतात. आणि खालची मर्यादाही विसरू नका. 10 ते 20 म्हटलं की 8 केबीची फाइलही परत येते. राज्याच्या 'आपले सरकार' पोर्टलवरही हेच होतं; तिथे मर्यादा 5 ते 20 केबी आहे.

आयफोनवरून काढलेला फोटो पोर्टल घेतच नाही.

आयफोन फोटो एचईआयसी प्रकारात साठवतो. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, आणि तिथे 'मोस्ट कंपॅटिबल' निवडलं की पुढचे फोटो जेपीजीत येतात. फाइलचं नाव बदलून शेवटी 'जेपीजी' लिहिल्याने प्रकार बदलत नाही, हे सायबर कॅफेतसुद्धा काही जणांना पटवावं लागतं. स्क्रीनशॉटचीही तीच गत. तो काही फोनवर पीएनजी असतो.

घरी मोबाइलवर काढलेला फोटो चालतो का, की स्टुडिओच हवा?

चालतो. फोटो कोणी काढला हे कुठलाच फॉर्म विचारत नाही. नीट काढलेला मात्र हवा.

दुपारी खिडकीसमोर उभं राहा, तोंड खिडकीकडे. मागे पांढरी किंवा अगदी फिकट भिंत. भिंतीला पाठ टेकवू नका, दीड-दोन फूट पुढे या, नाहीतर कानामागे काळी सावली पडते आणि फोटो परत येण्याच्या कारणांत ही सावली वरच्या नंबरावर असते. डोक्यावरची ट्यूब बंद करा. तिच्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत अंधार होतो. फ्लॅश नको. काढणाऱ्याने साधारण दीड मीटर लांब, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर फोन धरायचा आणि मागचा कॅमेरा वापरायचा.

सेल्फी टाळा, त्याला दोन कारणं. हात लांब करून काढलेल्या फोटोत कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ असतो, त्यामुळे नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दुसरं, काही फोन पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो आरशातल्यासारखा उलटा साठवतात. उजव्या गालावरचा तीळ डावीकडे जातो, भांग बाजू बदलतो. घरच्यांच्या लक्षात येत नाही, पण चेहरा जुळवणाऱ्याच्या येऊ शकतं.

पोर्ट्रेट मोडही बंद ठेवा. मागचं धूसर करताना तो केसांच्या आणि कानांच्या कडा खातो.

पार्श्वभूमी पांढरीच का? निळा पडदा चालत नाही?

मतदार नोंदणीच्या फॉर्म 6 वर पांढरी पार्श्वभूमी स्पष्ट लिहिलेली आहे. पासपोर्टलाही पांढरीच. निळ्या पडद्याचा फोटो कॉलेजच्या आयकार्डाला चालून जातो. सरकारी कामासाठी पांढऱ्यावरच एकदा काढून घ्या म्हणजे सगळीकडे वापरता येतो.

कपडे कोणते घालावे?

पांढरे सोडून काहीही. पांढऱ्या शर्टाचा फोटो पांढऱ्या भिंतीवर काढला की खांदे गायब होतात आणि मान हवेत तरंगते. विशेषतः शाळेचा गणवेश घालून येणारी मुलं आणि पांढरं धोतर-सदरा घालणारे आजोबा यांच्या बाबतीत हे होतंच. घरातून निघताना गडद रंगाचा शर्ट पिशवीत टाका. आधार केंद्रावरसुद्धा हा सल्ला लागू आहे, कारण तिथेही मागे पांढरा पडदा असतो.

वडील टोपीशिवाय घराबाहेर पडत नाहीत. टोपी, फेटा, डोक्यावरचा पदर: काय चालतं?

आधारचे नियम इथे समंजस आहेत. धार्मिक किंवा पारंपरिक पगडी, डोक्यावरचं वस्त्र चालतं. डोक्यावर पदर असला तरी हरकत नाही, पण चेहऱ्याची पूर्ण कड दिसली पाहिजे: कपाळापासून हनुवटीपर्यंत आणि दोन्ही गालांच्या बाजूंनी. घुंगट किंवा बुरखा असेल तर फोटोपुरता चेहरा पूर्ण उघडा करावा लागतो. केंद्रावर महिला ऑपरेटर आहे का ते आधी विचारून घेणं बरं.

पासपोर्टला नियम कडक आहे: डोकं झाकायचं ते फक्त धार्मिक कारणासाठी. गांधी टोपी ही सवय आहे, धर्म नाही, असं म्हणून तिथे काढायला लावतात. वाद घालण्यात अर्थ नाही. आणि पांढरी टोपी पांढऱ्या भिंतीवर तशीही दिसत नाही. डोकं वरून सपाट कापल्यासारखं दिसतं. फेट्याची गोष्ट वेगळी, पण लग्नातला कोल्हापुरी फेटा घातलेला फोटो लायसन्सला लावू नका. तो कपाळ झाकतो.

चष्मा काढायचा की ठेवायचा?

काढा. आधारला रोजचा चष्मा चालतो, फक्त काचेवर चमक नको आणि काचा रंगीत नकोत. पण घरच्या फोटोत चमक टाळणं कठीण असतं, आणि परदेशातल्या पासपोर्ट अर्जांसाठी तर चष्मा नसलेलाच फोटो मागतात. उन्हात काळा होणारा चष्मा असेल तर बाहेरून आल्या आल्या फोटोला बसू नका. काच निवळायला काही मिनिटं लागतात. डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि पट्टी आहे? आधारच्या नियमांत वैद्यकीय कारणासाठी पट्टी चालते. तरी तातडी नसेल तर पट्टी निघेपर्यंत थांबणंच शहाणपणाचं, नाहीतर पट्टी कायमची कार्डावर राहील.

टिकली, कुंकू, नथ, बुक्का?

टिकली, कुंकू, गंध, बुक्का काहीच पुसायची गरज नाही. मंगळसूत्र, कानातलं, गजरा यांनाही हरकत नाही. नथ छोटी असेल तर राहू द्या. ओठांवर येणारी मोठी मोत्यांची नथ मात्र काढा, ती वरचा ओठ झाकते. केस कपाळावरून आणि शक्यतो कानांवरून मागे घ्या.

हसायचं की नाही?

तोंड मिटून, डोळे उघडे, समोर पाहत. हलकं स्मित कोणी अडवत नाही, दात दिसले की अडवतात. कारण सरळ आहे: हसताना गाल वर जातात, डोळे बारीक होतात, तोंडाचा आकार बदलतो, आणि चेहरा जुळवणारं सॉफ्टवेअर याच अंतरांवर चालतं.

स्टुडिओवाला म्हणतो, "कोट-टाय चढवून देऊ का?" चढवू द्यावा?

नको. कंप्युटरवर चढवलेला कोट आपल्याकडे गावोगावी चालतो, वीस माणसांना एकच निळा कोट आणि एकच लाल टाय. कपड्यांवरून ओळख पटवत नाहीत हे खरं, पण तो कोट बसवताना मानेची कड कापली जाते, खांदे दुसऱ्याचेच येतात, आणि जाता जाता चेहऱ्यावरचे डागही पुसून मिळतात. आंतरराष्ट्रीय मापाच्या पासपोर्ट फोटोत असा कुठलाच बदल चालत नाही. "फक्त बॅकग्राउंड पांढरं करा, चेहऱ्याला हात लावू नका" असं आधीच सांगा. मोबाइलमधला ब्यूटी मोड आणि एआयने "प्रोफेशनल" करून देणारी ॲप यांनाही हेच लागू. त्या ॲपमधून बाहेर येतो तो तुमचा चुलत भाऊ असतो.

आधारवरचा फोटो भयंकर आहे. घरून ऑनलाइन बदलता येईल का?

नाही. पत्ता ऑनलाइन बदलता येतो, फोटो नाही. आधार केंद्रावर स्वतः जावं लागतं. कागदपत्र कुठलं लागत नाही, कारण तुमचे बोटांचे ठसे किंवा डोळेच पुरावा असतात. 1 ऑक्टोबर 2025 पासून बायोमेट्रिक बदलाची फी 125 रुपये आहे. जास्त मागितले तर पावती मागा, तीवर फी छापलेली असते.

तिथे गेल्यावर एक गोष्ट आवर्जून करा: ऑपरेटरच्या स्क्रीनवर आपला फोटो पाहायला मागा. बहुतेक केंद्रांवर तुमच्यासाठी दुसरी स्क्रीन लावलेली असते, लोक तिच्याकडे बघतच नाहीत. डोळे अर्धे मिटलेत, मान कलली आहे, वरच्या दिव्याने कपाळ पांढरं झालंय असं दिसलं तर "परत घ्या" म्हणायला लाजू नका. मागे रांग असते, ऑपरेटर घाईत असतो, पण सबमिट होण्याआधी पुन्हा घ्यायला मिनिटही लागत नाही. सबमिट झाल्यावर परत सगळी फी आणि परत सगळी रांग.

आधार नंबर बदलत नाही. खिशातल्या जुन्या कार्डावरचा फोटोही आपोआप बदलणार नाही, नवीन ई-आधार डाउनलोड करावं लागेल. आणि आधारमध्ये बदलला म्हणून लायसन्स, पॅन, मतदार कार्डावरचा फोटो बदलत नाही.

फोटो जुना असला तर बिघडतं काय? माणूस तोच आहे ना.

पूर्वी फारसं बिघडत नव्हतं. आता चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची कामं वाढली आहेत. पेन्शनरांचा हयातीचा दाखला 2021 पासून मोबाइलवर चेहरा दाखवून काढता येतो. झिजलेल्या बोटांच्या आजी-आजोबांना त्याची मोठीच सोय झाली. हा ताजा चेहरा आधारमधल्या फोटोशी जुळवला जातो. फोटो दहा-बारा वर्षं जुना, त्यात वजन उतरलेलं, दात काढलेले, दाढी वाढवलेली असेल तर ॲप "जुळत नाही" म्हणू शकतं. घरात सत्तरीपुढचं कोणी असेल तर दाखल्याचा महिना, नोव्हेंबर, उजाडायच्या आत आधारचा फोटो ताजा करून ठेवा. घरबसल्या लर्निंगच्या परीक्षेतही कॅमेरा तुमचा चेहरा तपासत असतो.

लायसन्सवरचा फोटो बदलायचा आहे, मुदत अजून शिल्लक आहे.

सारथीवर लायसन्सच्या सेवांमध्ये फोटो आणि सही बदलण्याचा पर्याय आहे. मुदत संपायला वर्षापेक्षा कमी उरलं असेल तर थेट नूतनीकरणच करा, ते एक वर्ष आधीपासून करता येतं. मुदत संपल्यावर एक वर्ष उलटलं तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते, तेव्हा फोटोच्या नादात तारीख चुकवू नका.

माझं लायसन्स जुन्या पुस्तकाचं आहे, हाताने लिहिलेलं. त्यावर फोटोही अर्धा पुसलाय.

आधी ते सारथीवर दिसतं का पाहा. दिसत नसेल तर मूळ लायसन्स ज्या आरटीओचं आहे तिथे बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद संगणकात चढवणं) करून घ्यावी लागेल. ती झाल्याशिवाय नूतनीकरण पुढे सरकत नाही. नवा फोटो नंतर लागेलच. पुसलेला फोटो ही अडचण नाही, पुसलेला नंबर ही अडचण आहे; तो वाचता येतोय तोवर झेरॉक्स काढून ठेवा.

मतदार कार्डावर फोटो माझा नाहीच, दुसऱ्याच बाईचा आहे!

होतं असं. छायाचित्र असलेली मतदार ओळखपत्रं टी. एन. शेषन यांच्या काळात, 1993 पासून आली. तेव्हापासून याद्या कितीदा टंकल्या, जोडल्या गेल्या त्याला गणती नाही. दुरुस्तीसाठी फॉर्म 8 भरायचा, त्यात नोंदींच्या दुरुस्तीखाली फोटोचा पर्याय आहे. ऑनलाइन भरा किंवा बीएलओकडे (तुमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे) द्या. फोटो साडेचार बाय साडेतीन सेंटीमीटर, समोरून पूर्ण चेहरा.

मतदान तोंडावर आलंय आणि दुरुस्ती झालेली नाही? घाबरायचं कारण नाही. यादीत नाव असेल तर फोटो न जुळल्यास निवडणूक आयोगाने मान्य केलेलं दुसरं फोटो ओळखपत्र दाखवून मत देता येतं: आधार, लायसन्स, पॅन, पासपोर्ट, बँकेचं किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक वगैरे. कार्ड असूनही यादीत नावच नसेल तर मात्र काही चालत नाही. म्हणून फोटोआधी यादी तपासा.

फोटोवर सही करायची की नाही?

हा खरा गोंधळ आहे, कारण प्रत्येक फॉर्म वेगळं सांगतो.

मतदार नोंदणीच्या फॉर्मवर सही नसलेला फोटो लागतो. पॅनच्या कागदी अर्जावर साडेतीन बाय अडीच सेंटीमीटरचे दोन फोटो लावायचे असतात. डावीकडच्या फोटोवर सही अशी करायची की अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर येईल, उजवीकडचा कोरा ठेवायचा. तोच कोरा फोटो कार्डावर छापला जातो, त्यामुळे उजव्या फोटोवर शाई गेली तर अर्ज अडकतो. आरटीओच्या वैद्यकीय दाखल्यावर (फॉर्म 1-ए, चाळिशीपुढच्यांना आणि व्यावसायिक वाहनाच्या लायसन्सला लागतो) तुमची नाही, डॉक्टरांची सही फोटोवर आणि कागदावर मिळून यायला हवी. दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी तेवढं बघून घ्या. सही नुसतीच खाली असेल तर खिडकीवरून परत पाठवतात.

आणि फोटो डिंकाने चिकटवा. स्टेपलरची पिन हमखास कपाळात जाते.

सही अपलोड करताना काय काळजी घ्यायची?

कोऱ्या पांढऱ्या कागदावर, काळ्या पेनाने, थोडी मोठी सही करा. रेघी वही नको. सारथीची चौकट लांबीला उंचीच्या चौपट आहे, तेव्हा उभ्या, गोलगोल सहीपेक्षा आडवी पसरलेली सही नीट बसते. फोटो घेताना कागदावर हाताची सावली पडू देऊ नका आणि कागद अगदी कडेपर्यंत क्रॉप करा. टेबलाचा रंग दिसता कामा नये.

लहान बाळाचा फोटो कसा काढायचा?

पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारला ठसे आणि डोळे घेत नाहीत, फक्त फोटो. पासपोर्टसाठी, चार वर्षांखालच्या बाळाचा फोटो आपण न्यायचा. पांढरी चादर जमिनीवर अंथरून बाळाला निजवा आणि बरोबर वरून फोटो घ्या. धरणाऱ्याचा हात, तोंडातली चोखणी, खेळणं काही दिसू नये. काजळाची तीट असेल तर असू द्या, पण डोळ्यांत भरून काजळ घातलं असेल तर पुसा. झोपलेल्या बाळाचा फोटो चालत नाही. भूक भागलेली आणि झोप झालेली असते ती दहा मिनिटंच कामाची.

पाचव्या आणि पंधराव्या वर्षी आधारचं बायोमेट्रिक पुन्हा करून घ्यावं लागतं, त्यात फोटोही नवा येतो. अठरा पूर्ण झाल्यावर पॅनही बदलून घ्या, अल्पवयीन मुलाच्या पॅनवर फोटो नसतोच.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी पाय किंवा हात दिसेल असा फोटो काढून आणायला सांगितलंय. खरंच लागतो?

नाही. दिव्यांग हक्क कायद्याच्या 2017 च्या नियमांतल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यातच लिहिलंय की फोटो फक्त चेहऱ्याचा असावा. अपंगत्व तपासणं हे डॉक्टरांचं काम, फोटोचं नाही. कोणी शरीराचा फोटो मागितला तर तो नमुना दाखवा आणि शांतपणे नाही म्हणा. जुन्या काळची ती पद्धत अपमानास्पद होती आणि काही ठिकाणी सवयीने चालू आहे, एवढंच.

आधारमध्ये एक वेगळी तरतूद आहे, तिच्याशी याची गल्लत होते. बोटं नसतील किंवा ठसे देता येत नसतील तर ऑपरेटर चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा जादा फोटो घेतो. तो नोंदीसाठी असतो, कार्डावर येत नाही.

आम्ही परदेशात आहोत. तिथल्या लायसन्सला आणि इथल्या पासपोर्टला कोणता फोटो?

अमेरिकेत राज्याच्या लायसन्सचा किंवा ओळखपत्राचा फोटो खिडकीवरच काढतात, न्यावा लागत नाही. 7 मे 2025 पासून देशांतर्गत विमानासाठी 'रिअल आयडी' चे नियम लागू झालेत, त्या कार्डाचाही फोटो तिथेच. न्यू जर्सीने 2012 मध्ये "फार रुंद हसू नका" असं बजावलं होतं, कारण चेहरा जुळवणारं सॉफ्टवेअर गडबडत होतं. तिथल्या एडिसनकडच्या मराठी मंडळींना आठवत असेल. ब्रिटनमध्ये लायसन्सवरचा फोटो दर 10 वर्षांनी बदलावा लागतो.

भारतीय पासपोर्टचा अर्ज परदेशातून करत असाल तर सप्टेंबर 2025 पासून आंतरराष्ट्रीय मापाचाच फोटो लागतो: 630 बाय 810 पिक्सेल, पांढरी पार्श्वभूमी, चेहऱ्याने फोटोचा 80 ते 85 टक्के भाग व्यापलेला. इथल्या स्टुडिओच्या फोटोत छातीपर्यंतचा भाग येतो, तो तिथे चालणार नाही. गावाहून फोटो मागवून वेळ घालवू नका.

भारतातून बाहेर जाताना इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढणार असाल तर ते तुमच्याच आरटीओतून मिळतं आणि एक वर्ष चालतं. त्यासाठी कागदी पासपोर्ट साइज फोटो जवळ ठेवा.

सायबर कॅफेत फोटो आणि सही दिली. तिथेच राहिली तर?

राहू देऊ नका. डेस्कटॉपवर तुमच्या नावाचा फोल्डर असतो, त्यात फोटो, सही, आधार, कधी बँकेचं पासबुकही. काम झालं की समोर डिलीट करायला सांगा, रिसायकल बिनही रिकामी करायला सांगा. व्हॉट्सॲपवर पाठवलं असेल तर "सर्वांसाठी डिलीट" वेळेत करा, आणि त्याने डाउनलोड केलेली प्रत वेगळी असते हे लक्षात ठेवा. त्याहून सोपं म्हणजे योग्य मापाचे फोटो आणि सही घरीच तयार करून पेनड्राइव्हवर न्यायचे. आणि आधारची झेरॉक्स द्यावीच लागली तर पहिले आठ आकडे झाकलेलं 'मास्क्ड' आधार द्या, ते यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या) साइटवरून फुकट डाउनलोड होतं.